विचारपुशीचे थोतांड

सांप्रतचा काळ हा विचारपुशीचा काळ आहे. बँकेतून चार पैसे काढले की मोबाइलवर प्रश्न येतो. प्रवास संपला की प्रश्न येतो. चहाची पुडी घरपोच मागविली तर पाणी उकळण्यापूर्वी ‘आपला अनुभव कसा होता?’ हा प्रश्न हजर असतो. नव्या जावयाचीही इतकी विचारपूस सासुरवाडीस कधी झाली नसेल. हे अगत्य खरे असते तर त्याविरुद्ध लेखणी उचलण्याचे आम्हांस काही प्रयोजन नव्हते. प्रश्न विचारणे ही ज्ञानाची पहिली पायरी आहे, आणि ज्यांची हयात वर्गात प्रश्न विचारण्यात गेली त्या आमच्यासारख्यांनी प्रश्नमात्राची निंदा करावी हे शोभणारेही नाही. परंतु व्यापारी कंपन्यांकडून, व त्यांचे पाहून खात्यांकडून आणि विद्यालयांकडून, आज जी प्रश्नपत्रके घरोघर धाडली जातात, त्यांतील बहुतेक अज्ञान दूर करण्याकरिता नसतात. आधीच ठरलेल्या उत्तराखाली लोकांची सही मिळविण्याकरिता असतात. आणि या खोट्या सहीचा दंड ती घेणारा भरीत नाही. ज्याचा आवाज सर्वांत क्षीण तो भरतो. एवढेच आम्हांस येथे सिद्ध करावयाचे आहे.

प्रथम प्रश्नांची घडणच पाहावी. ‘आमच्या तत्पर सेवेने आपण किती समाधानी आहात?’ या वाक्यात सेवा तत्पर होती हे विचारणाराने गृहीतच धरले आहे. उत्तर देणाराने फक्त समाधानाचे माप सांगावयाचे. अक्षता पडल्यानंतर ‘मुलीस वर पसंत आहे ना?’ असे विचारण्यापैकीच हा प्रकार. दुसरा मासला पाहा: ‘आमचे कर्मचारी विनम्र व कार्यक्षम होते काय?’ समजा, कारकुनाने खुर्ची दिली, पाणी विचारले, आणि काम मात्र तिसऱ्या खेपेसही केले नाही. आता ‘होय’ म्हणावे की ‘नाही’? एका प्रश्नाच्या पोटात दोन प्रश्न कोंबले आणि उत्तरास जागा मात्र एकच ठेवली. तिसरा दोष याहून वाईट. ज्याने यंत्रातून एकदाही पैसे काढले नाहीत, त्यालाही त्या यंत्राच्या सोयीबद्दल गुण द्यावे लागतात. कारण ‘ठाऊक नाही’ किंवा ‘मला हे लागू नाही’ असा रकानाच नसतो, व प्रश्नापुढे तांबडी चांदणी असल्यामुळे उत्तर दिल्यावाचून पुढचे पान उघडत नाही. न्यायालयातील साक्षीदारालाही ‘मला माहीत नाही’ असे म्हणण्याची मुभा असते. गिऱ्हाइकास ती नाही.

भाषेची तर गोष्टच बोलू नये. ‘आपण आपल्या मित्रास आमची शिफारस करण्याची संभाव्यता किती?’ असे वाक्य कोणत्या मराठी माणसाच्या तोंडून कधी निघाले आहे? दूरच्या कचेरीत इंग्रजीत जुळविलेला प्रश्न शब्दास शब्द ठेवून मराठीत उतरविला, म्हणजे तो मराठी होतो अशी या मंडळींची समजूत दिसते. शिंदखेड्याच्या परिसरात ज्यांच्या घरी अहिराणी बोलली जाते, त्यांस हे मराठी आहे हेच आधी समजावून द्यावे लागते. मग समजलेले उत्तर कोणाचे, आणि न समजता दाबलेली कळ कोणती, याचा निवाडा आकडेमोड करणारे यंत्र कसा करणार?

या शिफारशीच्या प्रश्नाची कुळकथा थोडी सांगितली पाहिजे, कारण आजच्या व्यापारी पाहण्यांचे ते एक आराध्यदैवत होऊन बसले आहे. फ्रेडरिक रायकेल्ड या अमेरिकन सल्लागाराने २००३ साली ‘हार्वर्ड बिझिनेस रिव्ह्यू’ या मासिकात असे मांडले की, धंद्याच्या वाढीकरिता एकच आकडा पुरे. शून्यापासून दहापर्यंत गुण मागावेत. नऊ-दहा देणारे ते प्रशंसक, सात-आठ देणारे तटस्थ, आणि सहा व त्याखालचे सारे निंदक. मग प्रशंसकांच्या शेकडेवारीतून निंदकांची शेकडेवारी वजा करावी. आता आमच्या विद्यापीठांत शेकडा ६० गुण मिळविणारा विद्यार्थी पहिल्या वर्गात उतरतो, घरी पेढे वाटले जातात. ज्या समाजात दहापैकी सहा म्हणजे पहिला वर्ग, त्या समाजातील मनुष्याने मोकळ्या मनाने सहा गुण दिले की हा हिशेब त्यास निंदकांच्या पंक्तीस बसवितो! सात देणाऱ्या आमच्या वडीलधाऱ्यांस आपण औदार्य केले असे वाटते. हिशेबात ते कोणीच नसतात. शिवाय गणिताचीही मौज पाहा. शंभर गिऱ्हाइकांनी प्रत्येकी आठ गुण दिले तर उत्तर शून्य. पन्नासांनी दहा व पन्नासांनी शून्य दिला तरी उत्तर शून्यच. एका दुकानात सारे लोक बऱ्यापैकी खूश आहेत आणि दुसऱ्यात अर्धे लोक चिडून उठले आहेत, हा भेद ज्या मापाला दिसत नाही ते माप कशाचे? आमच्या बाजारात असा काटा कोणी ठेवला तर वजनेमापे खात्याचा निरीक्षक तो जप्त करील.

येथवर हा केवळ बुद्धीचा दोष झाला, व त्याची थट्टा करून सोडून देता आले असते. परंतु या पाहण्यांवर आता गरिबाची भाकरी टांगली गेली आहे. सामान घेऊन आलेला मुलगा दारात उभा राहून अजिजीने म्हणतो, “सर, पाच तारे द्या, चार पडले तर मला बोलणी बसतात.” सामान उशिरा आले असेल तर त्याचे कारण काय? वेळापत्रक दूर शहरात बसलेल्या कोणी ठरविले, रस्ता कोणी दुसऱ्याने खणून ठेवला, पुडा भलत्याच ठिकाणी तिसऱ्याने धाडला. गुण मात्र दारातल्या मुलाच्या नावे जमा होणार. पूर्वीचा मुकादम निदान चाबूक स्वतःच्या हाती धरीत असे व शिव्याशाप स्वतः घेत असे. नव्या मुकादमाने तो चाबूक गिऱ्हाइकाच्या हाती दिला आहे आणि वर ‘आपला अभिप्राय आम्हांस मोलाचा आहे’ असे म्हणून हात जोडले आहेत. अशा वेळी सुशिक्षित मनुष्य काय करितो? तो पाच तारे देतो. दयेपोटी बोललेले हे असत्य वरकड असत्यांहून क्षम्य असेल. पण त्याचा परिणाम काय होतो? लाखो दयाळू असत्यांची बेरीज होऊन कंपनी आपल्या अहवालात छापते की, आमची व्यवस्था निर्दोष आहे! जो दोष सुधारावयाचा तो दयेखाली गाडला जातो, आणि ज्या मुलावर दया केली त्याचा उद्याचा दिवस आजच्यासारखाच उजाडतो.

विद्यालयेही या साथीतून सुटलेली नाहीत. विद्यार्थ्यांचे समाधान मोजणारी पत्रके येतात. प्रश्न आगाऊ ठाऊक असतात. मग ज्या संस्थेची परीक्षा व्हावयाची तीच विद्यार्थ्यांस खोलीत बसवून, कोणते उत्तर ‘योग्य’ ते सुचवून, पत्रके भरवून घेते. असे प्रकार आम्ही पाहिले आहेत. परीक्षागृहात चिठ्ठी बाळगणाऱ्या मुलास जे लोक वर्षभर घरी बसवितात, त्यांनीच ही सामुदायिक नक्कल करवावी यासारखे वैगुण्य कोणते?

आता कंपन्या सोडून खुद्द धंद्यांच्या गणनेकडे वळू. कारण गिऱ्हाइकास विचारताना जी चूक होते तीच दुकानदारास विचारतानाही होते. आमच्या शिंदखेड्याच्या पेठेतील एखादे लहान दुकान डोळ्यांपुढे आणावे. किराणा हा त्याचा बाराही महिन्यांचा धंदा. कापसाच्या दिवसांत मालक त्याची खरेदीही करतो. उन्हाळ्यात घरी केलेले पापड-कुरडया त्याच फळीवर विकावयास येतात. गल्ल्यावर दुपारी बायको बसते, संध्याकाळी कॉलेजातून आलेला मुलगा. विक्रीचा मोठा भाग वहीत उधारीने लिहिलेला, व ती उधारी पीक हाती आल्यावर फिटावयाची. अशा माणसापुढे पत्रक येते: ‘व्यवसायाचा प्रकार, एकच निवडा.’ ‘कामगारांची संख्या.’ ‘मागील महिन्याची उलाढाल.’ तो बिचारा कामगारांपुढे एकाचा आकडा घालतो, कारण घरच्या माणसांस कोणी कामगार म्हणतो काय? अशा रीतीने रोज सहा तास गल्ला सांभाळणारी बाई एका आकड्यात नाहीशी झाली. दोंडाईच्याच्या बाजारात मिरचीचे देठ खुडून वजनावर मजुरी घेणाऱ्या स्त्रियांची तर कोणत्या रकान्यात सोय लागावी? आणि ‘मागील महिना’ म्हणजे कोणता? आषाढातील पेठ व कार्तिकातील पेठ या एकाच गावच्या आहेत असे अनोळख्यास वाटणार नाही. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्य शासनाने ज्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला त्यांत शिंदखेडा होता. त्या वर्षीची उधारी पुढल्या वर्षाच्या वहीत गेली. महिन्याचा आकडा विचारणाऱ्या पत्रकास या गोष्टीचा वासही लागत नाही.

कोणी म्हणेल, एवढ्याशा दुकानांवरून देशाची पाहणी सदोष कशी ठरविता? तर देशच मुळी अशा दुकानांचा आहे. आपल्याकडे धंद्यांची आर्थिक गणना १९७७ पासून अधूनमधून होत आली आहे. २०१३-१४ च्या सहाव्या गणनेत ५ कोटी ८५ लक्ष उद्योग-दुकाने मोजली गेली, व त्यांत १३ कोटींवर माणसे कामास होती. या साऱ्या धंद्यांपैकी शेकडा ७२ च्या सुमारास धंदे असे निघाले की, ज्यांत पगारी नोकर एकही नाही. म्हणजे अपवाद समजून आपण ज्यास बाजूस सारतो तोच नियम आहे, आणि पत्रके मात्र कचेरी, हिशेबनीस व हजेरीपट असलेल्या धंद्यास बेतलेली! सातवी गणना २०१९ साली मोबाइलवरील उपकरणाने मोठ्या डौलात सुरू झाली; तिचे निष्कर्ष २०२४ उजाडले तरी प्रसिद्ध झाले नव्हते. मोठ्या कंपन्यांची तरी स्थिती बरी असेल म्हणावे, तर २०१६-१७ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत सरकारदप्तरच्या यादीतील कंपन्या शोधावयास माणसे गेली, तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक कंपन्या एकतर सापडल्याच नाहीत, नाहीतर नोंदलेल्या धंद्याहून भलताच धंदा करीत असलेल्या आढळल्या. ज्या यादीतून प्रश्न विचारावयाची माणसे निवडावयाची ती यादीच जर अशी, तर वर कितीही सूक्ष्म गणित चढविले तरी काय उपयोग? पाया वाळूचा आणि कळस सोन्याचा.

पाहणीपायी सामान्य माणूस भरडला जाणे महाराष्ट्रास नवे नाही. पेशवाई गेल्यावर दक्षिणेत साऱ्याची पाहणी करण्याचे काम प्रिंगल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याकडे आले. रिकार्डोचा खंडाचा सिद्धान्त त्याने मनाशी पक्का केलेला होता. लागवडीचा खर्च वजा जाता जे निव्वळ उत्पन्न उरेल त्याच्या शेकडा ५५ सरकारने घ्यावेत, असे त्याचे गणित. गणितात चूक नव्हती. चूक होती ती गणितात घालावयाच्या आकड्यांत. निव्वळ उत्पन्न हा शब्द ज्या शेतकऱ्याने कधी ऐकला नव्हता त्याच्याकडून तो आकडा काढावयाचा, व काढणारे हाताखालचे कामगार कोणाच्या दबावाखाली किंवा लोभाखाली काय लिहितील यावर कोणाची देखरेख नव्हती. परिणामी सारा असह्य झाला, इंदापूर तालुक्यात शेते ओस पडली, आणि १८३५ पासून गोल्डस्मिड व विंगेट यांस ते सारे काम नव्याने हाती घ्यावे लागले. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा पाठलाग सोडला आणि जमिनीचा रंग, खोली व पोत हाताने पाहून तिची प्रत ठरविली. डोळ्यांस दिसणारी गोष्ट मोजली, म्हणून त्यांची पद्धत पुष्कळ काळ टिकली. तरीही पाहणीचा धसका लोकांच्या मनातून गेला नाही. १८५२ साली हीच पाहणी खानदेशात आली, तेव्हा सावदा, फैजपूर, यावल या भागांतील रयत हजारोंनी जमून तिच्याविरुद्ध उठली, आणि सरकारास फौज आणावी लागली. त्या रयतेस भूमापनशास्त्राचा राग नव्हता. ‘माझ्या उत्तराचे तुम्ही पुढे काय करणार?’ हा तिचा प्रश्न होता, व त्याचे उत्तर द्यावयास कोणी तयार नव्हते. आजचा दुकानदार फौजेस तोंड देत नाही. तो मुकाट्याने खोटा आकडा लिहितो. बंड तेच, फक्त मुके.

‘आमच्याकडे दहा-वीस नव्हे, लाखो उत्तरे आली आहेत’ अशी फुशारकी या मंडळींकडून नेहमी ऐकू येते. तिचे उत्तर १९३६ सालीच अमेरिकेत मिळाले आहे. ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने अध्यक्षाच्या निवडणुकीपूर्वी सुमारे एक कोटी मतपत्रके टपालाने धाडली. तेवीस लाखांहून अधिक परत आली. त्यांवरून लँडन विजयी होणार असे भाकीत त्याने केले. प्रत्यक्षात ४८ संस्थानांपैकी ४६ रूझवेल्टने जिंकली. पत्ते घेतले होते ते टेलिफोनच्या व मोटारींच्या याद्यांतून. मंदीने गांजलेल्या गरिबाच्या घरी यांपैकी एकही वस्तू नव्हती. शिवाय पत्रक परत धाडण्याची हौस असलेले लोक व ती नसलेले लोक यांची मते सारखी असतील असे मानण्यास आधार नव्हता. १९३८ साली ते साप्ताहिकच बंद पडले. लाखो चुकीच्या माणसांस विचारण्यापेक्षा थोड्या योग्य माणसांस नीट विचारणे बरे, हा धडा इतका महाग पडूनही आमचे व्यापारी पुन्हा मोबाइलच्या यादीतून जग शोधावयास निघाले आहेत.

तर मग पाहण्या बंदच कराव्यात काय? मुळीच नाही. आमचा राग पाहणीवर नसून तिच्या सोंगावर आहे, आणि खरी पाहणी कशी असते याची उदाहरणे आपल्या घरातच आहेत. पुण्याच्या कृषिमहाविद्यालयाचे प्राचार्य हॅरोल्ड मॅन यांनी एका दख्खनी खेड्याचा जो अभ्यास केला तो १९१७ साली ग्रंथरूपाने निघाला. एकच खेडे, पण त्यातील जमीन, कर्ज आणि घरोघरचे उत्पन्न हाती धरून तपासलेले. धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली १९३० साली निघालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने पुणे शहराची पाहणी केली. तिचा पहिला खंड १९४५ साली व दुसरा १९५२ साली प्रसिद्ध झाला. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले पांडुरंग सुखात्मे यांनी पिकाच्या अंदाजाकरिता कापणीचे प्रयोग केले. शेत कोणते घ्यावे हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर न ठेवता यदृच्छेने निवडावयाचे, हे तर त्यात होतेच. पण १९४६ साली त्यांनी हेही दाखविले की, कापणीचा तुकडा फार लहान घेतला तर पीक आहे त्याहून जास्त भरते, कारण कडेवरची रोपे नकळत आत धरली जातात. या मनोवृत्तीकडे वाचकांनी लक्ष द्यावे. आपले माप आपल्यास फसवीत तर नाही ना, अशी शंका स्वतःच्या मापाविषयी घेणारा तोच खरा पाहणी करणारा. गिऱ्हाइकांच्या समाधानाचा आकडा फुगलेला पाहून ज्या कंपनीने स्वतःवर अशी शंका घेतली ती आम्हांस दाखवावी. आम्ही तिचे अभिनंदन याच पानांतून करू.

यावर व्यवहारी गृहस्थ म्हणतील, ‘गाडगीळांइतका वेळ आम्हांस कोठला? व्यापारास घाई असते. काहीच आकडा नसण्यापेक्षा अर्धामुर्धा आकडा बरा.’ हा युक्तिवाद दिसतो तितका निरुपद्रवी नाही. ज्यास वाट ठाऊक नाही तो चौकात थांबून चार माणसांस विचारतो. ज्याच्या हाती खोटा नकाशा आहे तो कोणास न विचारता खड्ड्यात जातो, आणि मागच्यांसही नेतो. अज्ञान स्वतःस अज्ञान म्हणते तोवर त्यास औषध आहे. दशांश चिन्हापुढे दोन घरे लिहून ते ज्ञानाचा पोशाख करून आले की मग नाही. राहिला खर्चाचा मुद्दा. हजारो लोकांचा रोजचा वेळ फुकट घ्यावयाचा, आणि तो नीट वापरण्याकरिता आठ दिवस विचार करावयास मात्र पैसा नाही म्हणावयाचे, हा कोठला न्याय?

आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. पत्रक बाहेर धाडण्यापूर्वी ते दहा साध्या माणसांपुढे वाचावे, आणि त्यांस प्रश्न काय समजला हे त्यांच्याच शब्दांत ऐकून घ्यावे. एका प्रश्नात एकच गोष्ट विचारावी. ‘ठाऊक नाही’ व ‘लागू नाही’ यांस मानाची जागा द्यावी. किती जणांस विचारले, किती जणांनी उत्तर दिले व किती जण गप्प राहिले, हे निष्कर्षाइतक्याच ठळक अक्षरांत छापावे. आणि गिऱ्हाइकाच्या क्षणिक लहरीवर कोणाही नोकराचा पगार वा नोकरी अवलंबून ठेवू नये. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडामागून खंड प्रसिद्ध केली. अस्सल कागद पुढे ठेवल्यावाचून इतिहास लिहू नये, हा दंडक त्यांनी घालून दिला, व त्यांच्या पश्चात धुळ्यातील राजवाडे संशोधन मंडळाने तो वारसा सांभाळला. बखरीतील ऐकीव गोष्टीस आम्ही ज्या कसोटीस लावतो, तीच कसोटी कंपनीच्या अहवालातील आकड्यास लावण्यात संकोच का वाटावा? जो आकडा आपला मूळ प्रश्न दाखवीत नाही तो बनावट कागदच समजावा.

आणि सुशिक्षित कुटुंबांनीही आपले कर्तव्य ओळखावे. ज्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर देण्यास जागा ठेवलेली नाही त्यास उत्तर देऊ नये. मोकळी ओळ असेल तेथे दोष कोणाचा ते स्पष्ट लिहावे. दारात उभ्या असलेल्या मुलाशी दोन शब्द गोड बोलावे, पण कंपनीचे पाप झाकण्याकरिता त्याच्या नावावर खोटे पुण्य जमा करू नये. तक्रार करावयाची ती वेळापत्रक आखणाऱ्याकडे सहीनिशी करावी. वीस कळा दाबण्यापेक्षा सहीची चार ओळींची चिठ्ठी लिहिण्यास श्रम अधिक पडतात हे खरे. परंतु कळ दाबली की आपण आकड्यात जमा होतो, आणि चिठ्ठी लिहिली की समोरच्यास आपल्यास उत्तर द्यावे लागते. ज्यांनी इतके दिवस केवळ प्रश्न विचारले, त्यांस आता उत्तर देण्याची सवय लागणे इष्ट आहे.